माहिती आयुक्ताची निवड: नस्तीतून दिसणारी

एका माहिती आयुक्ताच्या निवडीची नस्ती मी माहिती अधिकारातच अवलोकनासाठी मागितली होती. टिपणी एका बाजूला, पत्रव्यवहार दुसऱ्या बाजूला आणि मध्ये घडी घातलेल्या लांब कागदावर अर्जदारांचा तक्ता: नाव, जन्मतारीख, शिक्षण, अनुभवाचे क्षेत्र, शेवटचे पद. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून वाचत गेलो. ‘सेवानिवृत्त’ हा शब्द पानोपानी येत होता. वकील होते, पत्रकार होते, प्राध्यापकही होते. छाननी होऊन खाली आलेल्या यादीत त्यांची नावे फारच विरळ झाली होती.

कायद्याला हे अभिप्रेत नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम 15 विधी, विज्ञान-तंत्रज्ञान, समाजसेवा, व्यवस्थापन, पत्रकारिता, जनसंपर्क माध्यमे आणि प्रशासन अशी सगळी क्षेत्रे मोजते. मुख्य आयुक्त एक, आयुक्त जास्तीत जास्त दहा. निवड समिती तिघांचीच: मुख्यमंत्री, विधानसभेतील विरोधी पक्षनेता आणि मुख्यमंत्र्यांनी नेमलेला एक कॅबिनेट मंत्री. विरोधी पक्षनेत्याला मान्यता नसेल, तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता बसतो. समितीची शिफारस राज्यपालांकडे जाते, नेमणूक त्यांच्या सहीने होते आणि त्यांच्यासमोर किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीसमोर शपथ होते.

महाराष्ट्रात रत्नाकर गायकवाड आणि सुमित मल्लिक हे दोन माजी मुख्य सचिव मुख्य माहिती आयुक्त झाले. माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठावर विजय कुवळेकरांसारखा संपादकही बसला. पण अशी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. प्रशासनाचा अनुभव हवाच, त्याबद्दल माझा आक्षेप नाही. पण ज्या कार्यालयांनी माहिती नाकारली, त्यांच्याच कामाच्या सवयीत आयुष्य घालवलेल्या माणसांनी एवढा मोठा वाटा व्यापावा, हे मला पटत नाही.

रिक्त पदांचे दुखणे याहून मोठे. पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे चालते. तिथे न्याय मिळाला नाही, तर दुसरे अपील ऐकणारा आयोग हाच आधार. दररोज 250 रुपये, कमाल 25,000 रुपये दंड लावण्याचा अधिकार आयोगालाच आहे. आणि दुसऱ्या अपिलाच्या निकालाला कायद्याने मुदत घातलेली नाही. म्हणून खुर्ची रिकामी राहिली, की अपिले साचतात. वास्तविक ती कधी रिकामी होणार, हे आधीपासून ठाऊक असते: 2019 च्या नियमांनुसार मुदत तीन वर्षांची. त्याच वर्षी अंजली भारद्वाज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पद रिकामे होण्याच्या एक-दोन महिने आधीच प्रक्रिया सुरू करण्यास आणि छाननीचे निकष जाहीर करण्यास सांगितले. तिघांची एक बैठक वेळेत लावणे सरकारला अवघड नाही.

पुढची जाहिरात निघेल तेव्हा न्यायालयात, वस्तीवर, वर्तमानपत्रात उमेदीची वर्षे घालवलेल्यांनी अर्ज करावेत. आणि निवड झाल्यावर तुम्हीही ती नस्ती पाहायला मागा.