गोटफिश टाकी साफ करत नाही, शिकार करतो

हनुवटीखालच्या दोन लांब मिशांनी वाळू चाचपत फिरणारा गोटफिश पाहिला, की खाऱ्या पाण्याची नवी टाकी मांडणाऱ्याला वाटते, चला, तळ साफ ठेवणारा मिळाला. हा सर्वांत मोठा गैरसमज. त्या मिशा कचरा वेचायला नसतात. त्यांच्यावर चव ओळखणाऱ्या पेशी असतात. वाळूत दडलेला किडा किंवा बारीक कोळंबी मिशीला लागली, की मासा तोंड खुपसतो, वाळू उडवतो आणि भक्ष्य गिळून मोकळा होतो. शेवाळाला तो शिवतही नाही. उलट उरलेसुरले खाद्य संपवणारे, वाळू भुसभुशीत ठेवणारे किडे तोच फस्त करतो. महागामोलाची क्लीनर कोळंबीही त्याच्या लेखी फक्त जेवण.

दुकानात दिसतो तो बोटाएवढा. पुढे काय? दुरंगी गोटफिश ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तर पिवळाधमक दिसणारा यलोसॅडल ५० सेंटिमीटरपर्यंत. यलोसॅडल तर छोटे मासेच मारून खातो. तांबड्या समुद्रातल्या या माशांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात ते टोळीने शिकार करताना आढळले: एक भक्ष्याचा पाठलाग करतो, बाकीचे प्रवाळाला वळसा घालून त्याची वाट अडवतात. अशा माशाला क्लाउनफिशच्या पिल्लांसोबत सोडणे म्हणजे पिल्लांवर पाणी सोडणेच.

दुसरा घोटाळा पाण्याचा. कल्याणजवळच्या शहाडला उल्हास नदी दाराशी, खाली कल्याणला तिची खाडी. तेव्हा खाडीचे पाणी आणले की काम झाले, असे काहींना वाटते. शहाडला उल्हासचे गोडे पाणी उचलून शहाड-टेमघर योजनेतून ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरला दिले जाते. तीच नदी थोडे खाली भरती-ओहोटीच्या टप्प्यात येते. तिथला खारेपणा भरतीगणिक बदलतो, पावसाळ्यात पार उतरतो आणि वालधुनी नदीतून आलेले सांडपाणीही त्यात असते. गोटफिशला लागते एकसारखे, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असलेले पाणी. स्वयंपाकाचे मीठ घालूनही ते होत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर क्षारही असतात. म्हणून आरओच्या पाण्यात मत्स्यालयासाठीचे तयार समुद्री मीठ विरघळवायचे आणि रिफ्रॅक्टोमीटरने मोजायचे. उन्हाळ्यात पाणी आटते तेव्हा भर मात्र साध्या आरओच्या पाण्याचीच घालायची. पाणी उडून जाते, मीठ टाकीतच राहते.

‘दिवसातून एकदा चिमूटभर खाद्य पुरे’ हेही खरे नाही. हा मासा दिवसभर हुंदडतो, त्यामुळे भूकही तेवढीच. त्याला थोडे थोडे करून तीन-चार वेळा कोळंबी, शिंपल्यांचा गर असे मांसाहारी खाद्य लागते. एवढ्या खाण्याने पाणी लवकर बिघडते, म्हणून दमदार प्रोटीन स्किमर आणि नियमित पाणीबदल ओघाने आलेच. वाळू बारीक हवी. खडबडीत चुरा मिशांना ओरखडे काढतो.

असे मासे पाळण्याचा हा हट्ट आजचा नाही. प्राचीन रोममधले श्रीमंत गोटफिशच्याच कुळातले लाल मलेट आपल्या तळ्यांत पाळायला धडपडत. शेतीवर लिहिणाऱ्या कोलुमेलाने तेव्हाच नोंदवले होते, की हा मासा फार नाजूक आणि कैदेत क्वचितच तगतो.

‘कायद्याची अडचण नाही’ हे मात्र अर्धेच खरे. गोटफिशवर बंदी नाही. कोकणात तो ट्रॉलरच्या जाळ्यातही येतो. पण शोभेसाठी सोबत प्रवाळ किंवा समुद्री घोडा आणला, तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ शी गाठ पडते.

तरीही कोणाला ठेवायचाच असेल, तर दुरंगीसारखी त्यातल्या त्यात लहान जात निवडावी आणि टाकी ७०० लिटरच्या आसपास, वर घट्ट जाळी असलेली घ्यावी, कारण घाबरला की तो उडी मारतो. काच, खडक, वाळू धरून तिचे वजन टनाच्या घरात जाते. फ्लॅटमध्ये ती मांडण्याआधी स्लॅबचे काय ते इंजिनिअरला विचारावे आणि वीज गेली तर चालेल असा बॅटरीवरचा एअरपंप जवळ ठेवावा.