हक्क आधी, कर्तव्ये नंतर

२६ जानेवारी १९५० रोजी लागू झालेल्या राज्यघटनेत मूलभूत हक्क होते. मूलभूत कर्तव्ये १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने आली. हा क्रम योग्यच होता, कारण ज्याला मतच नाही त्याच्याकडे कर्तव्य मागणे अन्यायाचे. निरक्षरांना मत कशाला, या आक्षेपाला १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतल्या मतदान केंद्रांनीच उत्तर दिले: प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपली पेटी सापडे. तरीही सुमारे २८ लाख स्त्रिया, बहुतेक उत्तरेकडच्या, मतदारयादीतून गळल्या. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढीच त्यांची नोंद होती. नाव नोंदवण्याच्या कर्तव्यात त्या चुकल्या, असे कोणी म्हणेल. पण परक्यापुढे स्वतःचे नाव उच्चारायची मुभाच त्यांना नव्हती.