वहीत पत्ता नसेल तेव्हा

कर्नलच्या पोटात : भाग ९

कात्रपला आमच्या बिल्डिंगच्या गेटवर रोज दुपारी एक कुरिअरवाला मुलगा येतो. शर्टाच्या खिशात छोटी डायरी, कडा मळलेल्या, वर रबरबँड. पाकिटावर नुसतं ‘साई दर्शन, कात्रप, बदलापूर पूर्व’ असतं. कुठल्या गल्लीने आत शिरायचं, कितवं गेट, कुठला जिना, हे त्या डायरीत. नाव डायरीत नसलं की तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारतो. तिथंही पत्ता लागला नाही तर सोसायटीच्या ऑफिसात जाऊन रजिस्टर उघडायला लावतो. घर सापडलं की उभ्या उभ्या डायरीत नोंद करतो आणि पान भरलेलं असेल तर बरेच दिवस न लागलेली एखादी जुनी नोंद खोडतो.

मागच्या भागात आपण पेज टेबल पाहिलं. प्रोग्राम वापरतो तो पत्ता काल्पनिक. तो पत्ता ज्या पानात, म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यात, पडतो ते पान खऱ्या मेमरीत कुठं आहे, हे पेज टेबल सांगतं. पण पेज टेबल स्वतः मेमरीतच असतं. प्रत्येक वाचनाआधी ते चाळायचं म्हटलं तर एका वाचनाची तीन-चार वाचनं होतील. म्हणून प्रोसेसर स्वतःजवळ अलीकडच्या भाषांतरांची एक चिमुकली वही ठेवतो. तिला टीएलबी म्हणतात. पत्ता त्या वहीत सापडला नाही की झाला ‘मिस’. आजचा भाग या मिसचा.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण तो मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांमध्येही पाहिला आहे. टीएलबी मिस म्हणजे पेज फॉल्ट नव्हे. डायरीत साई दर्शन नाही, याचा अर्थ कात्रपमध्ये साई दर्शन नाही असा होत नाही. बहुतेक वेळा पान मेमरीत व्यवस्थित असतं, फक्त त्याची नोंद जवळ नसते. पान मेमरीतच नाही आणि डिस्कवरून आणायचं आहे, तो पेज फॉल्ट. त्याला लागणारा वेळ मिसच्या हजारो पटींनी जास्त असतो.

मग नोंद शोधायची कुणी? इथं प्रोसेसर बनवणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. तुमच्या लॅपटॉपमधला इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर पेज टेबल स्वतःच चाळतो, साधारणपणे चार पायऱ्या उतरून, आणि नोंद वहीत चढवतो. कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, त्याचा पत्ताही लागत नाही. दुसऱ्या पंथाचा प्रोसेसर मिस झाला की हातातलं काम थांबवतो आणि कर्नलला सांगतो, तू शोधून दे. काम थांबवून मारलेल्या अशा हाकेला ट्रॅप म्हणतात. मिप्स या पंथाचा. सनचा अल्ट्रास्पार्कही याच पंथाचा, आणि त्याची एक मोठी गोष्ट आपल्या पुण्यात घडली.

सी-डॅकची स्थापना पुण्यात १९८८ साली झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा सुपरकॉम्प्युटर उभा राहिला. त्यातल्या ट्रान्सप्युटर चिपना पत्त्यांचं भाषांतर करणारं यंत्रच नव्हतं; प्रोग्राम लिहील तोच खरा पत्ता. १९९८ मध्ये ‘परम १००००’ आला तेव्हा चित्र पार बदललं होतं. प्रत्येक नोड म्हणजे सनचा एंटरप्राइज २५० सर्व्हर, त्यात ४०० मेगाहर्ट्झचे दोन अल्ट्रास्पार्क-२ प्रोसेसर. पूर्ण यंत्रात असे १६० प्रोसेसर, आणि कळसाचा वेग १०० गीगाफ्लॉप. या १६० पैकी प्रत्येकाची डेटासाठीची वही होती ६४ नोंदींची. साधं पान ८ किलोबाइटचं. म्हणजे एका वेळी जेमतेम ५१२ किलोबाइटचे पत्ते तोंडपाठ.

या प्रोसेसरवर मिस झाला की काय होतं, ते जवळून पाहू. मला यातली कारागिरी फार आवडते. इतर बहुतेक ट्रॅपना ट्रॅप टेबलमध्ये ८ सूचनांची जागा मिळते. टीएलबी मिसला ३२ सूचनांची दिली आहे, म्हणजे दुसरीकडे उडी न मारता काम तिथल्या तिथं उरकावं. शिवाय या ट्रॅपसाठी ८ ग्लोबल रजिस्टरांचा वेगळा संच राखून ठेवलेला. थांबलेल्या प्रोग्रामचा पसारा आवरून ठेवण्यात वेळ जात नाही. कर्नल आपल्या कोऱ्या पाटीवर काम करतो. पुढचं आणखी सुंदर. मेमरीत टीएसबी नावाचा एक मोठा तक्ता असतो. आपल्या कुरिअरवाल्याचं किराणा दुकान ते हेच. त्या तक्त्यात कुठं पाहायचं, ते हार्डवेअर आधीच हिशेब करून देतं. कर्नल तिथून १६ बाइट उचलतो: ८ बाइट ओळख, ८ बाइट खरा पत्ता. ओळख जुळली की पत्ता वहीत टाकायचा आणि अडलेली सूचना पुन्हा चालवायची. मोजक्या सूचनांत काम फत्ते. ओळख जुळली नाही तरच सोलारिस या सनच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल मोठ्या यादीत शोधायला निघतो, आणि तिथंही काही मिळालं नाही तर मगच पेज फॉल्टची वाट धरतो.

आता एक पेच. मिस सोडवणारा कोडही मेमरीतच आहे. त्याच्याच पानाची नोंद वहीत नसली तर? किल्ली कपाटात आणि कपाट कुलूपबंद, अशी गत होईल. म्हणून वहीतल्या काही नोंदींना कुलूप लावायची सोय असते. कर्नलचा गाभा अशा कुलूपबंद नोंदींवर बसतो. कितीही गर्दी झाली तरी त्या खोडल्या जात नाहीत.

प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे सगळं कशाला माहीत असावं? १०२४ ओळी आणि १०२४ स्तंभांची एक मॅट्रिक्स घ्या. प्रत्येक आकडा ८ बाइटचा, म्हणजे एक ओळ बरोबर ८१९२ बाइटची, एका पानाएवढी. सी भाषेत ओळी सलग साठवल्या जातात. ओळीने वाचत गेलात तर दर ओळीला एक, असे १०२४ मिस. स्तंभाने वाचत गेलात तर दर पावलाला नवं पान. ६४ नोंदींच्या वहीत १०२४ पानं मावत नाहीत, आणि परत फिरून येईपर्यंत जुनी नोंद खोडली गेलेली असते. मग जवळजवळ प्रत्येक वाचनाला मिस, म्हणजे १० लाख ४८ हजारांच्या घरात. आकडे तेच, बेरीज तीच. फोरट्रानमध्ये साठवण नेमकी उलटी, त्यामुळे तिथं स्तंभाने जाणं स्वस्त पडतं. हवामान किंवा द्रवगतीची गणितं करणाऱ्याने लूपचा क्रम चुकवला की महागडं यंत्र बराच वेळ पत्ते विचारण्यात घालवतं. याला कर्नलपाशीही एक उतारा आहे, तो म्हणजे मोठी पानं. अल्ट्रास्पार्क-२ ला ४ मेगाबाइटचं पानही चालतं. आपली ही ८ मेगाबाइटची मॅट्रिक्स नीट सीमेवर ठेवली तर दोन नोंदींत संपूर्ण मावते.

कुरिअरवाल्याची आणखी एक अडचण मी परवाच पाहिली. साई दर्शन कात्रपलाही आहे आणि कुळगावलाही. डायरीत नुसतं नाव लिहून भागत नाही. दोन प्रोग्रामही एकच काल्पनिक पत्ता वापरतात, पण त्यांची खरी पानं वेगळी असतात. यावरचा जुना उपाय म्हणजे प्रोग्राम बदलला की वही कोरी करायची. मग नव्या प्रोग्रामची सुरुवातच मिसच्या माळेने होते. अल्ट्रास्पार्कमध्ये प्रत्येक नोंदीवर १३ बिटांचा संदर्भ-क्रमांक असतो, ही नोंद कुणाची ते सांगणारा. असे ८१९२ क्रमांक. ते संपले की कर्नलला जुने क्रमांक मोकळे करावे लागतात, आणि त्यांच्या नोंदी वहीतून आधी पुसाव्या लागतात.

पुसणं हे कर्नलचं दोन्ही पंथांतलं काम. इंटेलचा प्रोसेसर नोंद स्वतः शोधतो, पण कर्नलने पेज टेबलमध्ये केलेला बदल त्याच्या वहीपर्यंत आपोआप पोचत नाही. मला मिसपेक्षा याची धास्ती जास्त वाटते. मिसमध्ये थोडा वेळ जातो. शिळ्या नोंदीने एका प्रोग्रामचा डेटा दुसऱ्याच्या हाती पडू शकतो. कुटुंब घर सोडून गेलं, डायरीत जुनीच नोंद राहिली, आणि पार्सल नव्या भाडेकरूच्या हातात गेलं, तसं. परम १०००० च्या एका नोडमध्ये दोन प्रोसेसर, म्हणजे वह्याही दोन. एका प्रोसेसरवरच्या कर्नलने पान काढून घेतलं, तर दुसऱ्याच्या वहीतली नोंद खोडवून घेण्यासाठी त्याला निरोप धाडावा लागतो, आणि ‘खोडली’ असं उत्तर येईपर्यंत ते पान कुणालाही देता येत नाही. हा निरोप कसा जातो आणि तोवर पहिला प्रोसेसर काय करतो, ते पुढच्या आठवड्यात.