थायलंडला जोडून लाओस: गटसहल नेमकी कशी होते

थायलंडला जाऊन आलेली माणसे आता प्रत्येक सोसायटीत दोन-चार तरी भेटतात. बँकॉक, पट्टाया, फुकेत आणि परत. हा लेख त्याहून वेगळ्या सहलीबद्दल आहे. तिच्यात थायलंडची जुनी शहरे, ईशान्येकडचा ईसान भाग आणि मग मेकाँग नदी ओलांडून लाओस असा मार्ग असतो.

पासपोर्टवर हे दोन देश आहेत, पण जगण्याची रीत बरीचशी एकच. ईसानमध्ये लाखो घरांत आजही लाओ बोली बोलली जाते, आणि ती बोलणारे लाओसपेक्षा थायलंडमध्येच अधिक आहेत. १८९३ मध्ये फ्रेंचांनी सयामकडून, म्हणजे तेव्हाच्या थायलंडकडून, मेकाँगचा पूर्व काठ घेतला आणि नदीची सरहद्द झाली. ही गोष्ट ध्यानात ठेवून गेलात तर सहलीतली निम्मी कोडी आपोआप सुटतात.

सुरुवात करायची ती कार्यक्रमपत्रिका वाचण्यापासून. किती दिवसांची सहल आहे ते पाहू नका, कुठे किती रात्री मुक्काम आहे ते मोजा. ‘बारा दिवसांत दोन देश’ असे लिहिलेले असते आणि लाओसच्या वाट्याला दोनच रात्री आलेल्या असतात. व्हिएन्टियान ही राजधानी आणि लुआंग प्राबांग हे जुने राजनगर मिळून चार रात्री नसतील, तर ती सहल घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ‘फोटो स्टॉप’ या शब्दाकडेही लक्ष असू द्या. त्याचा अर्थ बस थांबणार, आपण बाहेरून फोटो काढणार आणि पुन्हा बसमध्ये बसणार. आत जायचे तिकीट दरात धरलेले आहे का, हे प्रत्येक ठिकाणाबद्दल विचारून घ्या.

सोबत कोण असेल हेही समजून घ्या. मुंबई-पुण्याहून गटाबरोबर येतो तो टूर मॅनेजर. जेवण, हॉटेल, सामान, वेळा ही त्याची कामे. स्थळांची माहिती सांगतो तो स्थानिक गाइड. थायलंडमध्ये गाइडचा व्यवसाय कायद्याने तिथल्या नागरिकांसाठीच राखीव आहे, त्यामुळे सरहद्द ओलांडली की गाइड बदलतो. गाइड इंग्रजीत बोलणार असेल तर मराठीत सांगायला कोणी आहे का, हे ज्येष्ठ मंडळींनी आधीच विचारावे. नाही तर देवळात सगळे ऐकतात आणि आपण खांब मोजत बसतो.

आता हंगाम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये उत्तर लाओसात शेतीसाठी रान जाळतात. तेव्हा धुराने डोंगर दिसत नाहीत आणि दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. एप्रिलच्या मध्यावर दोन्हीकडे नववर्ष असते. थायलंडमध्ये त्याला सोंगक्रान म्हणतात. हा शब्द आपल्या ‘संक्रांती’वरूनच आला. पाणी उडवण्याचा हा सण मोठा देखणा, पण त्या दिवसांत रस्ते तुंबतात आणि दुकाने बंद असतात. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत भिक्खूंचा वर्षावास असतो. महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांना तो परिचयाचा आहे. पावसाची तयारी असेल तर विहार पाहायला हाही काळ चांगला.

कागदपत्रांत चुका होतात त्या बहुधा एकाच जागी. आपण थायलंडमध्ये एकदा जाणार असे धरून चालतो. पण परतीचे विमान बँकॉकहून असेल तर लाओसमधून आपण पुन्हा थायलंडमध्ये शिरतो. हा दुसरा प्रवेश. व्हिसा लागणार असेल तर तो दोनदा चालणारा हवा. १ मे २०२५ पासून थायलंडला पोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्रिका भरावी लागते. ती दुसऱ्या प्रवेशासाठी पुन्हा भरा. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट आहे, पैसे मागणारे पान दिसले तर ते बंद करा.

लाओसचा व्हिसा विमानतळावर किंवा मेकाँगवरच्या पुलाच्या नाक्यावर मिळतो, नाही तर आधी ई-व्हिसा काढता येतो. मात्र ई-व्हिसा ठरावीक नाक्यांवरच चालतो. आपला नाका त्या यादीत आहे का ते बघा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने हवी, दोन फोटो आणि कोऱ्या डॉलरच्या नोटा जवळ असाव्यात. दुमडलेली, शाई लागलेली नोट खिडकीतून परत येते. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दोन्ही दूतावासांची संकेतस्थळे स्वतः पाहा.

सहलीच्या बिलात ‘टीसीएस’ नावाची एक ओळ दिसेल. परदेश सहलीच्या रकमेवर कंपनी आपल्या पॅनच्या नावे आगाऊ कर गोळा करून सरकारकडे भरते, तो हा. तो बुडत नाही. विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. पैसे कुटुंबातल्या ज्या व्यक्तीच्या खात्यातून जातील, तिचाच पॅन दिला आहे ना, ते पाहा. पुष्कळ घरांत इथेच घोळ होतो.

बॅग भरताना खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घ्या. सलवार-कुडता सर्वांत सोयीचा. चपला सहज काढता-घालता येतील अशा हव्यात, कारण दिवसातून दहा वेळा त्या काढाव्या लागतात. ई-सिगारेट नेऊ नका, दोन्ही देशांत तिच्यावर बंदी आहे.

बँकॉकला सुवर्णभूमी विमानतळावर निघण्याच्या दालनात समुद्रमंथनाचे भलेमोठे शिल्प दिसते. घाईत चुकलात तर परतीच्या वेळी नक्की बघा. शहरातला पहिला दिवस राजवाड्याचा. त्याच्या आवारात वाट फ्रा केओ हे मंदिर आहे (‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर किंवा विहार). भोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर रामकियेन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रफलकांत रंगवले आहे. फ्रा राम म्हणजे राम, नांग सीदा म्हणजे सीता आणि तोसाकान म्हणजे दशकंठ रावण. इथला हनुमान ब्रह्मचारी नाही, त्याच्या प्रेमकथा आहेत. ते पाहून कुणी नाराज होऊ नये. कथा त्या भूमीत रुजली आणि तिथल्या पाण्यावर वाढली, एवढाच त्याचा अर्थ.

आत उंच सिंहासनावर पाचूच्या रंगाची बुद्धमूर्ती आहे. ‘एमराल्ड बुद्ध’ या नावामुळे लोक प्रचंड काहीतरी पाहायच्या तयारीने जातात, आणि समोर असते अवघ्या ६६ सेंटिमीटरची हिरव्या दगडाची मूर्ती. ऋतुमानानुसार वर्षातून तीनदा खुद्द राजा तिचे वस्त्र बदलतो. आत फोटो काढायला मनाई आहे. खाली बसताना पाय मूर्तीकडे करू नका, मागे दुमडून घ्या. पायाचा तळवा दाखवणे हा तिथे अपमान समजतात, आणि कुणाच्या डोक्याला हात लावणे हाही. या मूर्तीची आठवण ठेवा, पुढे लाओसमध्ये तिचे काम आहे.

मोकळ्या वेळात राजवाड्याबाहेर कुणी गोड बोलून सांगेल, “आज बंद आहे, चला, दुसरे देऊळ दाखवतो.” त्याची रिक्षा थेट रत्नांच्या दुकानी जाते. दारापर्यंत स्वतः जाऊन खात्री करा.

पुढचा दिवस अयुथ्थयाचा. नाव अयोध्येवरूनच. १३५० च्या सुमारास वसलेली ही राजधानी १७६७ मध्ये ब्रह्मी फौजांनी उद्ध्वस्त केली. वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांत गुरफटलेले बुद्धाचे शिर आहे. त्याच्यासोबत फोटो काढायचा तर खाली बसून, आपले डोके त्याच्याहून खाली ठेवून. पहारेकरी उभ्या माणसाला बसायला लावतो. ओळीने बसलेल्या शिरविरहित मूर्तींच्या धडावर आपले डोके ठेवून फोटो काढण्याची गंमत तर चुकूनही करू नका.

या टप्प्यावर तिकिटा-पावत्यांवरचे वर्ष पाहून काही जण गोंधळतात. थायलंडमध्ये बुद्धसंवत चालतो आणि तो आपल्या इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढे असतो. २०२६ असेल तिथे २५६९ छापलेले असते. ती छपाईची चूक नाही.

शाकाहारी माणसांनी एक शब्द पाठ करावा: ‘जे’. मांस-मासे, अंडी आणि दूध वर्ज्य असलेले हे बौद्ध व्रताचे जेवण. त्यात कांदा-लसूणही नसतो, पण बटाट्यासारखे कंद असतात, हे जैन मंडळींनी लक्षात घ्यावे. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरे दिसली की तिथे ते मिळते. नुसते ‘मांस नको’ म्हणणे पुरत नाही. भाजीत नाम प्ला, म्हणजे माशाचे पातळ खारे पाणी, असते, आणि करीच्या वाटणातच कपी, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा लगदा, कुटलेला असतो. लाओसमध्ये त्याऐवजी आंबवलेल्या माशाचे पादेक येते. सांगणाऱ्याला वाटते शाकाहारी मागितले, करणाऱ्याला वाटते शाकाहारीच दिले. दोघेही प्रामाणिक असतात, म्हणून भांडू नका, शब्द नीट वापरा.

मग ईसान. रात्रभराच्या गाडीने किंवा बसने नोंग खाय गाठायचे. ते मेकाँगकाठचे शेवटचे थाई शहर. जेवणात इथून चिकट भात सुरू होतो. बांबूच्या छोट्या झाकणाच्या टोपलीत तो येतो. आदल्या रात्री भिजवलेला तांदूळ वाफेवर शिजवलेला, पाणी न घालता. उजव्या हाताने चिमूटभर घ्यायचा, बोटांनी गोळी वळायची, चटणीत बुडवायची. काटा-चमचा बाजूला ठेवा. हाताने जेवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे शिकवावे लागत नाही, आणि यजमानांच्या चेहऱ्यावर त्याचा आनंद दिसतो. घास घेतला की झाकण लावा, भात लगेच वाळतो.

नोंग खायहून मैत्री पूल ओलांडायचा. १९९४ मध्ये खुला झालेल्या या पुलाची लांबी साधारण ११७० मीटर. थायलंडमध्ये वाहने डावीकडून चालतात, लाओसमध्ये उजवीकडून, त्यामुळे वाहने बाजू बदलतात ती पाहा. पलीकडे उतरल्यावर रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. सवयीने उजवीकडे बघणारे इथे धडपडतात.

थायलंडचे बाट संपवून लाओसचे किप घ्यावे लागतात. एक लाखाची नोट हातात आली की दचकू नका, आकडे मोठे आणि किंमत थोडी. मात्र लागतील तेवढेच घ्या. देशाबाहेर किप सहसा कुणी बदलून देत नाही.

व्हिएन्टियानमध्ये पाहायचे ते हो फ्रा केओ. हिरवी मूर्ती याच मंदिरात होती. सोळाव्या शतकात राजा सेत्थाथिरातने ती इथे आणून हे मंदिर उभारले. १७७९ मध्ये सयामी सेनेने ती पळवली. आजची इमारत फ्रेंच काळात पुन्हा बांधलेली, आत संग्रहालय. बँकॉकला पाय दुमडून बसलेला माणूस इथे त्या मूर्तीविना असलेल्या दालनात उभा राहतो. त्या मूर्तीबद्दल थाई गाइड ‘आणली’ म्हणतो, लाओ गाइड ‘नेली’ म्हणतो. दोन देशांचे नाते समजायला एवढा फरक पुरे. म्हणूनच हा मार्ग बँकॉककडून सुरू व्हावा, उलटा नव्हे. समोरच वाट सी साकेत आहे. १८२७-२८ मध्ये सयामी सेनेने शहराचा विध्वंस केला, त्यातून ते वाचले. त्याच्या ओवऱ्यांतल्या कोनाड्यांत हजारो छोट्या बुद्धमूर्ती आहेत.

याच शहरात कोप नावाचे केंद्र आहे. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यातल्या न फुटलेल्या गोळ्यांनी आजही माणसे जायबंदी होतात, आणि त्यांना कृत्रिम हातपाय मिळवून देण्याचे काम इथे चालते. कार्यक्रमात हे नसेल तर आग्रहाने घालायला लावा, तासभर पुरतो. संस्कृती पाहायला आलो आहोत, तर त्या संस्कृतीने काय सोसले तेही पाहायलाच हवे.

लुआंग प्राबांगला रेल्वेने जायचे. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली ही लाओस-चीन रेल्वे सुमारे दोन तासांत पोचवते. व्हिएन्टियानचे तिचे स्थानक शहराबाहेर आहे, आणि थायलंडहून येणाऱ्या गाडीच्या खाम्सावात स्थानकाशी त्याची गल्लत करू नका. पासपोर्ट हातात लागतो. तपासणीत चाकू-कात्री आणि दाबून मारायचे फवारे काढून घेतात. डासांसाठी मलम न्या, स्प्रे नको.

लुआंग प्राबांग १९९५ पासून जागतिक वारसा आहे. तिथे पहाटे ताक बात होते, म्हणजे भिक्खूंचा पिंडपात. अनवाणी भिक्खू रांगेने येतात, लोक गुडघ्यांवर बसून पात्रात चिमूटचिमूट भात ठेवतात. कुणी बोलत नाही. पर्यटकांची चूक इथे सर्वांत बोचते. तोंडासमोर कॅमेरा, फ्लॅश, फेरीवाल्याकडून घेतलेला शिळा भात. श्रद्धेने दान करायचे असेल तर हॉटेलला आदल्या दिवशी ताजा भात करायला सांगा, भिक्खूंच्या पातळीखाली बसा, आणि स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श होणार नाही एवढे जपा. नुसते पाहायचे असेल तर मुख्य रस्ता सोडून, पलीकडच्या कडेला गप्प उभे राहा. विहारात वंदना चालू असेल तर कान द्या. महाराष्ट्रातल्या बौद्ध बंधू-भगिनींना त्रिशरण आणि पंचशीलाचे पाली शब्द ओळखू येतील, उच्चाराचा तेवढा फरक.

संध्याकाळी इथल्या जुन्या राजवाड्याच्या आवारातल्या नाट्यगृहात फ्रा लाक फ्रा लाम, म्हणजे लाओ रामायणातले प्रसंग नाचून दाखवतात. नावात लक्ष्मण आधी, राम नंतर.

शेवटच्या रात्री बहुतेक गटांसाठी बासी नावाचा विधी ठेवतात. लाओ समजुतीनुसार माणसात ३२ ख्वान, म्हणजे जीवरक्षक प्राण, असतात आणि प्रवासात ते भरकटतात. त्यांना परत बोलावून पांढऱ्या सुती दोऱ्याने मनगटाशी बांधतात. ईसानमध्येही हाच विधी होतो. म्हाताऱ्या बायका दोरा बांधताना पुटपुटत असतात. तेव्हा दुसरा हात नमस्काराच्या मुद्रेत धरावा आणि मोबाइल पिशवीत असावा.

परतताना बुद्धमूर्ती विकत घेतली असेल तर थायलंडमधून ती बाहेर नेण्यास तिथल्या ललितकला खात्याचा परवाना लागतो, याची चौकशी दुकानातच करा. मनगटावरचा दोरा किमान तीन दिवस राहू द्यावा. मग तो कात्रीने कापत नाहीत, गाठ सोडून काढतात.