घर आणि कचेरी

नोकर नजरेआड झाला कीं काम थंडावतें, ही मालकांची जुनी समजूत. शांघायच्या सीट्रिप या प्रवासकंपनीनें २०१० सालीं ती कसोटीस लावली. दूरध्वनीवर काम करणाऱ्या इच्छुकांपैकीं सम तारखेस जन्मलेल्यांना आठवड्याचे चार दिवस घरून काम दिलें; उरलेले कचेरींतच राहिले. नऊ महिन्यांत घरून करणाऱ्यांचें काम १३ टक्क्यांनीं वाढलें. त्यांच्यांत नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. आजारपणाच्या रजा घटल्या, भोंवतीं गलबलाही नव्हता. मात्र कामाच्या मानानें बढतींत ते मागें पडले, आणि कित्येकांना एकटेपणा जाचला. पुढें २०२१ सालीं त्याच कंपनीनें घरचे दोनच दिवस ठेवून पाहिले. कामांत उणें आलें नाहीं, बढतीही अडली नाहीं. नोकरी सोडणारे एकतृतीयांशानें घटले. माणसावर विश्वास टाकावा, पण त्याला एकटें पडूं देऊं नये, एवढाच याचा बोध.