मत्स्यखाद्यातील प्रथिने

तळ्यात मत्स्यबीज सोडले म्हणजे काम संपले, असा समज अद्याप काही ठिकाणी आढळतो. वस्तुतः माशांची वाढ मुख्यत्वे आहारावर, आणि त्यातही प्रथिनांवर अवलंबून असते. मत्स्यसंवर्धनाच्या चालू खर्चात बहुधा निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचा असतो. साहजिकच प्रथिने कोणत्या पदार्थांतून घ्यावीत, हा छोट्या संवर्धकाच्या दृष्टीने नफा-तोट्याचा प्रश्न ठरतो.

रोहू, कटला व मृगळ यांच्या खाद्यात साधारणतः २५ ते ३० टक्के प्रथिने असावीत. भाताच्या कोंड्यात ती १२ टक्क्यांच्या आसपास, तर शेंगदाणा पेंडीत ४० ते ४५ टक्के असतात. १२ टक्क्यांचा १० किलो कोंडा व ४२ टक्क्यांची १० किलो पेंड एकत्र केल्यास २० किलो मिश्रणात ५.४ किलो, म्हणजे २७ टक्के प्रथिने मिळतात. समभाग मिश्रणाची जुनी पद्धत हिशेबालाही उतरते, ती अशी.

तथापि सर्व प्रथिनांचा कस सारखा नसतो. शेंगदाणा पेंडीत लायसिन व मेथिओनिन ही आवश्यक अमिनो आम्ले कमी पडतात. मासळीच्या भुकटीत, म्हणजे फिशमीलमध्ये, ती भरपूर असतात. मात्र पश्चिम किनाऱ्यावर ही भुकटी बऱ्याच अंशी तारल्यांपासून तयार होते, आणि तारले हे गोमंतकातील सामान्य कुटुंबांचे अन्न आहे. १९७२ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्हेटा मासळीचे उत्पादन कोसळले, तेव्हा जगभर फिशमील महागले व सोयाबीन पेंडीची मागणी वाढली. एकाच साधनावर विसंबण्यातील धोका त्यातून स्पष्ट झाला.

सोयाबीन पेंडीत सुमारे ४५ टक्के प्रथिने असून लायसिनही चांगले असते. तेव्हा शेंगदाणा पेंडीचा काही भाग कमी करून तिची जोड देणे लाभदायक ठरते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारा घटक असतो. तो उष्णतेने निष्प्रभ होतो, म्हणून कच्चे दाणे दळून घालू नयेत. दमट हवेत पेंडीला बुरशी लागून अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण होते. पेंड कोरड्या जागी, जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवावी; बुरशीची पेंड स्वस्त मिळाली तरी वापरू नये.

काचपेटीतील शोभिवंत माशांच्या पिलांना मोठ्या माशांपेक्षा अधिक प्रथिने लागतात. त्यांना डासांच्या अळ्यांसारखे जिवंत खाद्य मानवते. उरलेले प्रथिनयुक्त खाद्य कुजून पाण्यात अमोनिया वाढतो, हे मात्र शाळांतील काचपेट्यांबाबतही ध्यानात ठेवावे.

तळ्यात माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के खाद्य रोज द्यावे. २०० ग्रॅम वजनाचे १,००० मासे असतील, तर २ टक्क्यांप्रमाणे ४ किलो पुरेत. दर महिन्यास जाळे टाकून सरासरी वजन पाहावे आणि त्यानुसार मात्रा ठरवावी. खाद्य टोपलीतून दिल्यास ते उरते किंवा कसे, हे कळते. वाया गेलेली पेंड म्हणजे पाण्यात गेलेला पैसा होय.