माहीत असणं आणि खरं वाटणं

समजा, शेताच्या बांधावरून दावा लागला आहे. वादपत्राच्या पहिल्या परिच्छेदात तुम्ही म्हणता, ही जमीन मी कसतो. दुसऱ्यात म्हणता, ती माझ्या आजोबांनी विकत घेतली. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण दोन्ही तुम्हाला सारख्याच माहीत आहेत का? औत तुम्ही स्वतः धरलंत. आजोबांचा व्यवहार मात्र तुमच्या जन्माआधीचा, वडिलांकडून ऐकलेला!

रोजच्या बोलण्यात हा फरक आपण बेलाशक पुसून टाकतो. न्यायालय पुसू देत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश ६, नियम १५ मध्ये, वादपत्राच्या शेवटी सत्यापन मागितलं आहे. सुपात धान्य पाखडावं तसं तिथे आपलंच म्हणणं पाखडायचं: अमुक क्रमांकाचे परिच्छेद स्वतःच्या माहितीने खरे, तमुक क्रमांकाचे मिळालेल्या माहितीवरून खरे मानतो. खाली सही, तारीख आणि ठिकाण. नियम देशभर एकच. 

आता खरी गंमत. १९५२ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध पुरुषोत्तम जोग नाईक हे स्थानबद्धतेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. सरकारच्या सचिवांनी शपथपत्र दिलं होतं. त्यातल्या काही गोष्टी त्यांना जातीने ठाऊक होत्या, हे मजकुरावरूनच दिसत होतं. सत्यापनात मात्र सरसकट लिहिलेलं: सगळं माहिती आणि समजुतीप्रमाणे खरं. न्यायालयाने त्यावर बोट ठेवलं. असल्या ढिसाळ सत्यापनापायी एखाद्या प्रकरणात शपथपत्रच फेटाळलं जाऊ शकतं, असं बजावलं. आणि ऐकीव गोष्ट असेल तर ती कुठून कळली हेही स्पष्ट सांगायला हवं, असं म्हटलं.

म्हणजे आहे त्यापेक्षा कमी खात्री दाखवणं हासुद्धा दोष! का बरं? कारण ‘मला माहीत आहे’ म्हणणाऱ्याला उलटतपासणीत धरता येतं. ‘समजुतीप्रमाणे’ म्हणणाऱ्याला मागच्या दाराने निसटता येतं. माणसाला स्वतःच्या ज्ञानाची जबाबदारी घ्यायला लावणारा हा नियम मला तरी विलक्षण वाटतो.

मग न्यायाधीशाला स्वतःला किती खात्री हवी? शंभर टक्के? मुळीच नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातली ‘शाबीत’ची व्याख्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही टिकली आहे. गोष्ट घडली असा न्यायालयाला विश्वास वाटावा, किंवा ती इतकी संभाव्य वाटावी, की त्या प्रकरणाच्या परिस्थितीत शहाण्या माणसाने ती खरी धरून पाऊल उचलावं. बस्स!

आणि ही एकच व्याख्या बांधाच्या दाव्यालाही लागते, खुनाच्या खटल्यालाही. खुनात वाजवी संशयापलीकडचा पुरावा लागतो, पण व्याख्येत त्यासाठी वेगळा शब्द नाही. सगळा भार ‘त्या प्रकरणाच्या परिस्थितीत’ एवढ्यावर आहे: समोरच्याचा जीव पणाला लागलेला असताना शहाणा माणूस पाऊल उचलण्याआधी कितीतरी जास्त पुरावा मागेल, हे कायद्याने गृहीतच धरलं आहे.